गढीबाहेरची माणसे : फ्लँडर्समधील नगरे आणि मध्यमवर्गाचा उदय

'मध्यमवर्ग' हा शब्द आपण आज इतक्या सहजपणे वापरतो, की हा वर्ग नेमका कशाच्या मध्ये आहे, हे विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. तो शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येतो तो नोकरपेशातला गृहस्थ. हिशेबाने राहणारा, मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणारा आणि ग्रंथालयाची वर्गणी वेळेवर भरणारा. युरोपात हा वर्ग प्रथम दिसू लागला, त्या वेळी मात्र 'मध्य' या शब्दाला अगदी काटेकोर अर्थ होता. अकराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील लाँ येथील बिशप आडालबेरो याने समाजाची तीन अंगे सांगितली होती : प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. धर्मगुरू, सरदार आणि शेतकरी यांत सारे जग संपले. ही वाटणी ईश्वरानेच केली आहे, अशी तत्कालीन विद्वानांची श्रद्धा होती. परंतु या तिन्ही रकान्यांत न बसणारी एक चौथी जात त्याच काळात नदीकाठी, पुलाजवळ आणि गढीच्या पायथ्याशी वस्ती करू लागली होती. ही माणसे नांगर धरीत नव्हती, तलवारीवर पोट भरीत नव्हती आणि त्यांना धर्मदीक्षाही नव्हती. ती खरेदी-विक्री करीत होती.

ही कहाणी इटलीत पाहता येते, ऱ्हाईनच्या काठी पाहता येते. पण ती सर्वांत स्पष्ट दिसते ती फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या पश्चिम भागात आणि त्याला लागून असलेल्या फ्रान्सच्या पट्ट्यात. ब्रूज, घेंट, ईप्र, लील, दुए, सेंट-ओमेर ही तेथील नगरे. त्यांच्या उदयाचा थोर भाष्यकारही त्याच भूमीतला. आंरी पिरेन (१८६२–१९३५) हा घेंट विद्यापीठातील इतिहासाचा प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनांनी त्यास पकडून नेले. त्या बंदिवासात जवळ ग्रंथसंग्रह नसताना, बहुतांशी स्मरणाच्या बळावर, त्याने युरोपचा इतिहास लिहावयास घेतला. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने प्रसिद्ध केला. मध्ययुगीन नगरे दूरदूरच्या व्यापारातून जन्मली आणि फिरत्या व्यापाऱ्यांनी गढीच्या आश्रयाने थांबण्याचे ठिकाण शोधले, तेथे ती वाढली, असा त्याचा सिद्धान्त. पुढील संशोधकांनी त्यास बरीच मुरड घातली. आसपासच्या शेतीतील वाढते उत्पन्न, जमीनदारांनी स्वतःच भरविलेले बाजार, मठांच्या गरजा यांचा वाटाही मोठा होता, हे आता सर्वमान्य आहे. नुसत्या फिरस्त्या व्यापाऱ्यांनी नगरे उभारली असे म्हणणे म्हणजे विहिरीचे श्रेय पोहऱ्याला देण्यासारखे होईल.

तरीही पिरेनने दाखविलेली एक गोष्ट टिकून आहे. तटबंदीच्या गढीला 'बुर्ग' म्हणत आणि त्यावरूनच नागरिकाला 'बर्गर' किंवा 'बुर्जवा' ही नावे पडली. पण हे बर्गर बुर्गात राहत नव्हते! गढीत काउंट, त्याचे सरदार, त्याचे धान्याचे कोठार आणि त्याचे देऊळ असे. व्यापारी व कारागीर गढीबाहेरच्या 'पोर्टुस'मध्ये, म्हणजे माल उतरविण्याच्या धक्क्यालगतच्या वस्तीत राहत. गढीच्या नावाने पुढे जगभर ओळखला गेलेला वर्ग मुळात गढीबाहेरचा होता, ही मौज लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या वस्तीपुढचा मुख्य प्रश्न पैशाचा नव्हता, दर्जाचा होता. खेड्यातला बहुतेक शेतकरी भूदास होता. तो जमिनीशी बांधलेला. मालकाच्या परवानगीवाचून त्याला स्थलांतर नाही, बऱ्याच ठिकाणी लग्नही नाही. असा माणूस नगरात येऊन चार पैसे मिळवू लागला, तर तो कोणाचा? हळूहळू अनेक ठिकाणी असा दंडक पडला की, नगरात एक वर्ष आणि एक दिवस बिनतक्रार राहिलेल्यास त्याच्या जुन्या मालकाने परत मागू नये. 'नगराची हवा माणसाला मुक्त करते' हे प्रसिद्ध जर्मन वचन याच दंडकावरून आले. ते वचन मध्ययुगीन नव्हे, एकोणिसाव्या शतकातील कायदेपंडितांनी घडविलेले आहे. दंडक मात्र खरा. आणि हवा वगैरे काही नव्हते. मालकाशी घासाघीस करून, पैसे मोजून, प्रसंगी शस्त्र उचलून मिळविलेली ती सवलत होती. लाँच्या नागरिकांनी आपल्या बिशपाकडून असा नगरसंघाचा हक्क विकत घेतला. बिशपाने पैसे घेऊन तो पुढे रद्द करविला, तेव्हा १११२ मध्ये जमावाने त्याला ठार मारले. तो पिंपात लपून बसला असता सापडला.

फ्लँडर्समधील घटना याहून अधिक बोलक्या आहेत, कारण त्या जवळून पाहणारा एक लेखक तेथे हजर होता. त्याचे नाव गॅलबर्ट. तो ब्रूजचा राहणारा, काउंटच्या महसूल खात्यातील नोटरी. आपल्या भाषेत सांगावयाचे तर दप्तरातला कारकून. कारकुनाला इतिहासात सहसा चेहरा नसतो. पण ११२७ आणि ११२८ या दोन वर्षांत ब्रूजमध्ये जे घडले, ते याने गडबडीच्या दिवसांत मेणाच्या पाट्यांवर टिपून ठेवले आणि सवड मिळेल तसे लॅटिनमध्ये विस्ताराने लिहून काढले. त्यात तारखा आहेत, रकमा आहेत, बाजारातल्या अफवा आहेत. मध्ययुगातील एवढे ताजे लेखन फार थोडे.

बुधवार, २ मार्च ११२७ रोजी सकाळी फ्लँडर्सचा काउंट चार्ल्स, ज्यास लोक 'सज्जन चार्ल्स' म्हणत, ब्रूजच्या गढीतील सेंट डोनेशियनच्या मंदिरात प्रार्थना करीत असता मारला गेला. मारणारे एरेम्बाल्ड घराण्यातले होते. या घराण्याचा कर्ता बर्टुल्फ हा त्या मंदिराचा प्रमुख आणि काउंटचा चान्सलर. सत्ता, पैसा, नातलग, कशाचीच त्याला वाण नव्हती. उणीव एकच होती, पण ती जीवघेणी होती. त्याचे घराणे मुळात भूदासांचे आहे, असा बोभाटा झाला होता. बर्टुल्फच्या एका पुतणीशी लग्न केलेल्या सरदाराचा दर्जा न्यायासमोर आला आणि भूदास स्त्रीशी विवाह करून वर्षभर संसार करणारा स्वतंत्र पुरुषही भूदासच ठरतो, असा नियम त्याच्यापुढे ठेवण्यात आला. नगरात एक वर्ष राहिल्याने गुलाम मुक्त होतो आणि घरात एक वर्ष राहिल्याने मुक्त माणूस गुलाम होतो. दोन्ही हिशेब एकाच शतकातले. काउंट आपल्याला पुन्हा दास्यात ढकलणार, या भीतीने त्या घराण्याने तलवार उपसली.

गॅलबर्ट सांगतो, त्या वेळी ईप्रला जत्रा भरली होती. भोवतालच्या साऱ्या देशांचे व्यापारी काउंटच्या अभयावर विसंबून तेथे जमले होते. त्यांत थेट इटलीतील लोंबार्डीचे व्यापारीही होते. त्यांच्याकडून काउंटने २१ मार्कांना चांदीचे एक नवलाचे पात्र खरीदले होते. खुनाची वार्ता येताच सर्वांनी माल आवरून पळ काढला. ही वार्ता शुक्रवारी सकाळी लंडनला आणि त्याच संध्याकाळी लाँला पोचली, असेही तो नोंदवितो. दोन दिवसांत समुद्रापार! राजांचे दूत इतक्या वेगाने धावत नसत. व्यापाऱ्यांचा निरोप धावत होता. जत्रा म्हणजे काय, शांतता म्हणजे काय आणि एका माणसाच्या मृत्यूने किती जणांचे पोट हादरते, हे या चार ओळींत कळते.

मग ब्रूजच्या रहिवाशांनी आपल्या वस्तीभोवती खांबांचे कुंपण घातले, आत येऊ पाहणाऱ्या सरदारांशी गुप्त करार केला आणि गढीत कोंडलेल्या मारेकऱ्यांना वेढा दिला. घेंटचे लोक शिड्या घेऊन धावून आले. काउंटचे शव आपल्या नगरात नेण्याचाही त्यांचा विचार होता, त्यामुळे दोन्ही नगरांच्या लोकांत मारामारीची वेळ आली. अखेर गढी पडली. ५ मे रोजी अठ्ठावीस जणांना काउंटच्या वाड्याच्या बुरुजावरून एकेक करून खाली लोटण्यात आले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते वारसाच्या निवडीला. चार्ल्सला मूल नव्हते. फ्रान्सचा राजा सहावा लुई याने विल्यम क्लिटो या तरुण राजपुत्राचे नाव पुढे केले. सरदारांनी ते मान्य केले. नागरिकांनीही मान्य केले, पण अटी घालून. एप्रिलच्या आरंभी राजा आणि नवा काउंट ब्रूजला आले, तेव्हा मोकळ्या मैदानात संतांचे पवित्र अवशेष आणून त्यांच्या साक्षीने शपथा झाल्या. ब्रूजकरांना जकात माफ झाली, घरांच्या जागेवरील भाडे माफ झाले आणि आपले रूढ कायदे काळवेळ पाहून स्वतः दुरुस्त करण्याचा अधिकार मिळाला. या तिसऱ्या कलमाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पहिल्या दोन सवलती कोणताही उदार राजा देईल. रूढी बदलण्याचा हक्क देणे म्हणजे ती वस्ती विचार करू शकते, हे मान्य करणे होय.

१४ एप्रिल ११२७ ची सेंट-ओमेर नगराची सनद आजही वाचावयास मिळते. तटाच्या आत राहणाऱ्यांना डोईपट्टी नाही. फ्लँडर्सच्या बाजारांत त्यांच्यावर द्वंद्वयुद्धाने न्याय लादला जाणार नाही. लढाईस जायचे ते शत्रू फ्लँडर्सवर चालून आला तरच. व्यापारी संघाच्या सभासदांना ठरावीक बंदरांत जकात माफ. द्वंद्वाची अट तर किती अर्थपूर्ण! देणेकऱ्याशी वाद झाला तर सरदार तलवारीने सत्य ठरवी. व्यापाऱ्याला साक्षीदार, वजनमाप आणि लेख हवा होता. येथे 'मानवाचे स्वातंत्र्य' वगैरे काही बोलले गेलेले नाही. मध्ययुगातील स्वातंत्र्य अनेकवचनी होते. अमुक नगरात राहणाऱ्या अमुक माणसांना अमुक गोष्टींची मोकळीक, असे त्याचे स्वरूप. ते मोजता येत होते, विकत घेता येत होते, लिहून ठेवता येत होते. त्यामुळेच ते टिकले आणि त्यामुळेच, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याला दार लावून कडीही घालता आली.

नव्या काउंटने शपथ चार महिनेही पाळली नाही. १ ऑगस्टला लीलच्या जत्रेत फिरत असलेल्या आपल्या एका भूदासाला पकडण्याचा हुकूम त्याने सोडला. सारे नगर शस्त्र घेऊन उठले आणि काउंटच्या माणसांना पळता भुई थोडी झाली. त्याने वेढा देऊन १,४०० मार्क चांदीचा दंड वसूल केला. वरकरणी एका पळालेल्या माणसाचा प्रश्न. पण जत्रेच्या दिवशी बाजारात उभ्या असलेल्या माणसाला उचलून नेता येत असेल, तर उद्या तेथे कोण येणार, हे लीलच्या दुकानदारांना पुरते उमगले होते. त्यातच विल्यमचे चुलते, इंग्लंडचे राजे पहिले हेन्री, त्याच्या विरोधात होते आणि फ्लँडर्सचे माग तर इंग्रजी लोकरीवर चालत. आपण कोंडले गेलो आहोत, व्यापार बंद आहे, साठविलेले बसून खात आहोत, अशी ब्रूजकरांची तक्रार गॅलबर्टने नोंदविली आहे.

फेब्रुवारी ११२८ मध्ये घेंटच्या नागरिकांनी उघड बंड केले. त्यांच्या वतीने आल्स्टचा सरदार इवान बोलला. त्याचा मुद्दा असा : काउंटने शपथ मोडली आहे, देशाच्या मध्यावर, ईप्र येथे, सरदार, धर्मगुरू आणि लोक यांतील शहाण्या माणसांची सभा भरवावी, तिने निवाडा करावा आणि काउंट अपात्र ठरल्यास त्याने पद सोडावे. हे भाषण गॅलबर्टने थोडे घासूनपुसून घेतले असेल, पण कल्पना त्याच्या पदरची नसावी. विल्यमने उत्तरादाखल इवानला द्वंद्वाचे आव्हान दिले. एकाने सभा मागितली, दुसऱ्याने तलवार दाखविली. ठरल्या दिवशी ईप्रला सभेऐवजी सैनिक भरलेले आढळले, तेव्हा ब्रूज आणि घेंट यांनी आल्सेसचा थिएरी हा दुसरा काउंट निवडला. राजा लुईने जाब विचारला असता, फ्लँडर्सचा काउंट निवडण्याशी फ्रान्सच्या राजाचा काही संबंध नाही, असे ब्रूजकरांनी त्यास कळविले. लोकरीचे गठ्ठे मोजणाऱ्या माणसांनी राजाला हे लिहावे, हे आडालबेरोच्या तीन रकान्यांत कोठे बसणार होते? रणांगणावर मात्र विल्यमच सरस ठरला. त्याने जूनमध्ये थिएरीचा पराभव केला. पण जुलैअखेरीस आल्स्टच्या वेढ्यात हाताला झालेल्या जखमेने तो मरण पावला आणि नागरिकांचा काउंट गादीवर राहिला.

यानंतरच्या दीडशे वर्षांत ही नगरे फोफावली. ११३४ च्या वादळाने समुद्राचा एक फाटा ब्रूजच्या दिशेने आत आला आणि नगराला बंदर लाभले. १२७७ मध्ये जिनोव्हाची गलबते जिब्राल्टरला वळसा घालून तेथे पोचली. मलबारची मिरी अलेक्झांड्रियामार्गे इटलीच्या व्यापाऱ्यांच्या हाती येई आणि ब्रूजच्या बाजारात तोळून विकली जाई. चौदाव्या शतकात घेंटची वस्ती साठ हजारांच्या घरात असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

ग्रंथालयाच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. व्यापार वाढला तसे वाचन-लेखन धर्मपीठाच्या मक्तेदारीतून निसटू लागले. मुलाने पाद्री व्हावे अशी व्यापाऱ्याची इच्छा नव्हती. त्याने पत्र वाचावे, हिशेब ठेवावा, करारातली खोच ओळखावी, एवढेच त्याला हवे होते. घेंटमध्ये शाळा कोणी चालवाव्यात यावरून धर्मसंस्था आणि नागरिक यांच्यात दीर्घ तंटा झाला. ११९१ च्या सुमारास पात्र माणसाने शाळा उघडल्यास त्यास कोणी अडवू नये, अशी मुभा नागरिकांनी पदरात पाडून घेतली. तेराव्या शतकाच्या आरंभापासून दुएच्या दप्तरात करार लॅटिनऐवजी लोकांच्या फ्रेंच बोलीत लिहिलेले आढळतात. लोकभाषेची प्रतिष्ठा कवींनी वाढविली हे खरे. पण देण्याघेण्याचा कागद तिच्यात लिहिला गेल्यावर ती गरजेची झाली, हेही तितकेच खरे.

आता दुसरी बाजू. गढीबाहेरच्या माणसांनी स्वतःची गढी बांधली. १२२८ पासून घेंटचा कारभार एकोणचाळीस जणांकडे होता. तेरा पंच, तेरा सल्लागार, तेरा विश्रांतीवर. दर वर्षी हेच तीन गट आलटून पालटून फिरत आणि हे सदस्यत्व जन्मभराचे. बाहेरच्याने शिरावे कोठून? इंग्लंडशी व्यापार करणाऱ्या फ्लेमिश नगरांच्या संघात हाताने काम करणाऱ्यांना प्रवेश नव्हता. रंगाऱ्यांना 'निळ्या नखांचे' म्हणत. ज्याची नखे निळी, त्याने आधी वर्षभर धंदा सोडावा, भरभक्कम शुल्क भरावे, मग अर्ज करावा. पुन्हा तेच एक वर्ष! कधी काळी ज्या मुदतीने भूदासाला नागरिक केले, तीच मुदत आता कारागिराला उंबरठ्याबाहेर ठेवू लागली.

दुए येथील जेहान बोआनब्रोक हा या नव्या सत्ताधीशांचा नमुना. लोकर त्याची, ती रंगविणारे-विणणारे राहत ती घरे त्याची, कापडाचा भाव ठरविणार तो, आणि तक्रार ज्यांच्यापुढे न्यावयाची त्या नगरपंचांतही तोच. १२८० मध्ये दुएच्या विणकरांनी काम बंद केले, तेव्हा त्यांना शिक्षा ठोठावणाऱ्यांत हा होता. काही वर्षांनी तो वारला. मरताना परलोकाचे भय वाटून म्हणा किंवा रिवाज म्हणून म्हणा, आपण कोणावर अन्याय केला असल्यास भरपाई द्यावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. मग काय! पुरुष, विधवा, मेलेल्यांचे वारस अशी रीघ लागली. निकृष्ट लोकर चढ्या भावाने गळ्यात मारली, कापडाचे पैसे बुडविले, कर्जापोटी भांडी नेली, वर टोमणे मारले : व्यवस्थापकांनी एकेक तक्रार चर्मपत्राच्या लांबलचक गुंडाळीवर उतरवून घेतली. ती गुंडाळी जॉर्ज एस्पिनास या संशोधकाने विसाव्या शतकात प्रकाशात आणली. सनदा नागरिकांचे हक्क सांगतात. नागरिकांच्या दाराशी उभ्या असलेल्यांचे म्हणणे ऐकायचे तर ही गुंडाळीच उघडावी लागते.

पुढे १३०२ साल उजाडले. एव्हाना श्रीमंत घराणी फ्रान्सच्या राजाच्या आश्रयाला गेली होती. ब्रूजमध्ये पीटर द कोनिंक नावाचा एक विणकर पुढे आला. देहाने लहान, बोलण्यात मोठा. १८ मे च्या पहाटे ब्रूजकरांनी नगरातील फ्रेंच सैनिकांची कत्तल केली. ११ जुलैला कोर्त्रिकजवळ पायी लढणाऱ्या विणकर, रंगारी, खाटीक अशा लोकांच्या फळीने फ्रान्सच्या घोडदळाचा धुव्वा उडविला. मेलेल्या सरदारांच्या सोनेरी टाचा गोळा करून देवळात टांगण्यात आल्या. त्यानंतर कारागीर-संघांना नगरांच्या पंचमंडळांत जागा मिळाल्या, आणि घेंटच्या त्या एकोणचाळीस जणांचा अंमलही याच धामधुमीत संपला.

विणकर आत आले. त्यांच्याकडे मजुरीवर काम करणारे, कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारे कामगार होते. कापडाच्या धंद्यातले हे सर्वांत कष्टाचे आणि कमी मोलाचे काम. त्यांनी मजुरी वाढवून मागितली. विणकरांनी नकार दिला. सोमवार, २ मे १३४५ रोजी घेंटच्या 'शुक्रवार बाजारा'त हे दोन संघ शस्त्रांनिशी समोरासमोर आले आणि तुडविणाऱ्यांपैकी अनेकजण तेथेच कापले गेले. त्या दिवसाला नगरात 'वाईट सोमवार' हे नाव पडले. सुमारे पावणेचार वर्षांनी, १३ जानेवारी १३४९ रोजी, तुडविणाऱ्यांनी इतरांच्या मदतीने विणकरांचा सूड घेतला. तो वार मंगळवार होता. घेंटच्या बखरींत त्याचे नाव 'चांगला मंगळवार' असे आहे.